झाशीचा वारस : महाराणी लक्ष्मीबाई आणि एका दत्तकविधानाची कथा

झाशीच्या महाराणी लक्ष्मीबाई यांचे नाव उच्चारताच घोड्यावर आरूढ, हाती तलवार आणि पाठीशी बांधलेले बालक ही प्रतिमा देशातील कोणत्याही भाषकाच्या डोळ्यांसमोर उभी राहते. या प्रतिमेतील तलवारीविषयी विपुल लिहिले गेले आहे. बालकाविषयी त्या मानाने फारच थोडे. हे बालक म्हणजे राणींचा दत्तक पुत्र दामोदरराव. १८५४ मध्ये ईस्ट इंडिया कंपनीने झाशीचे राज्य खालसा केले, तेव्हा कोणतेही युद्ध झाले नव्हते. राजाला औरस पुत्र नव्हता आणि त्याने घेतलेला दत्तक कंपनीला मान्य नव्हता, एवढेच कारण त्यासाठी पुरेसे ठरले. अपत्यहीनतेची किंमत एखाद्या दांपत्याने नव्हे, तर संपूर्ण राज्याने मोजल्याचे याहून ठळक उदाहरण अर्वाचीन भारताच्या इतिहासात क्वचितच सापडेल.

लक्ष्मीबाईंचा जन्म वाराणसी येथे मोरोपंत तांबे आणि भागीरथीबाई या महाराष्ट्रीय दांपत्याच्या पोटी झाला. जन्मतिथी १९ नोव्हेंबर १८२८ अशी सर्वत्र रूढ आहे. मात्र जन्मवर्ष १८३५ मानणारे चरित्रकारही आहेत. त्यांचे माहेरचे नाव मणिकर्णिका, लाडाचे नाव मनू. मोरोपंत हे दुसऱ्या बाजीराव पेशव्यांचे बंधू चिमाजी आप्पा यांच्या पदरी होते. चिमाजी आप्पांच्या निधनानंतर हे कुटुंब कानपूरजवळील ब्रह्मावर्त म्हणजेच बिठूर येथे पदच्युत पेशव्यांच्या आश्रयाला आले. मनूची आई ती अगदी लहान असतानाच वारली. परिणामी तिचे बालपण वाड्यातील पुरुषमंडळींच्या सहवासात गेले, आणि घोडेस्वारी व शस्त्रविद्येची गोडी तिला तेथेच लागली.

बिठूरच्या या वाड्याविषयी एक गोष्ट येथे नमूद करणे आवश्यक आहे. बाजीरावांना हयात पुत्र नव्हता. त्यामुळे त्यांनी १८२७ मध्ये धोंडोपंत ऊर्फ नानासाहेब यांना दत्तक घेतले होते. म्हणजे मनू ज्या घरात वाढली, त्या घराचा वारसच दत्तक होता आणि त्यात कोणालाही काही वावगे वाटत नव्हते. १८५१ मध्ये बाजीरावांचे निधन झाल्यावर कंपनीने त्यांचे आठ लाख रुपयांचे वार्षिक निवृत्तिवेतन नानासाहेबांना नाकारले. दत्तकाच्या अधिकाराचा प्रश्न राणींच्या आयुष्यात झाशीत प्रथम उद्भवला, असे म्हणूनच म्हणता येत नाही.

१८४२ मध्ये मनूचा विवाह झाशीचे राजे गंगाधरराव नेवाळकर यांच्याशी झाला आणि सासरी तिचे नाव लक्ष्मीबाई ठेवण्यात आले. नेवाळकर घराणे मूळचे रत्नागिरी जिल्ह्यातील. ओरछाच्या वीरसिंह देव यांनी सतराव्या शतकाच्या प्रारंभी बांधलेला झाशीचा किल्ला छत्रसाल आणि पहिले बाजीराव यांच्या संबंधांतून मराठ्यांकडे आला, आणि अठराव्या शतकाच्या उत्तरार्धात तेथील सुभेदारी रघुनाथ हरी नेवाळकर यांच्याकडे आली. पुढे शिवराव भाऊ यांच्या कारकिर्दीत, १८०४ मध्ये, झाशीने कंपनीशी करार केला. १८१७ मध्ये शिवराव भाऊंचे नातू रामचंद्रराव यांच्याशी झालेल्या तहाने राज्याचा वंशपरंपरागत अधिकार मान्य करण्यात आला. त्याच तहातील दोन शब्दांवरून पुढे मोठा वाद होणार होता.

या घराण्यावर अपत्यहीनतेचे सावट गंगाधररावांच्या आधीपासून होते. रामचंद्रराव १८३५ मध्ये औरस संततीवाचून वारले. त्यांच्या नावाने दत्तक म्हणून पुढे करण्यात आलेल्या मुलाला ब्रिटिशांनी मान्यता दिली नाही आणि त्यांचे चुलते रघुनाथराव यांना गादीवर बसविले. तेही १८३८ मध्ये वैध वारसाविना निवर्तले, आणि त्यांचे धाकटे बंधू गंगाधरराव यांच्याकडे राज्य आले. राज्यावर कर्जाचा बोजा असल्याने काही वर्षे कारभार ब्रिटिश अधिकाऱ्यांच्या हाती राहिला. राजांना तो लक्ष्मीबाईंशी विवाह झाल्याच्या सुमारास परत मिळाला.

गंगाधररावांची प्रथम पत्नी रमाबाई यादेखील निपुत्रिक वारल्या होत्या. राजे नाटकाचे शौकीन, ग्रंथसंग्राहक आणि स्वभावाने कडक होते. त्यांच्याविषयी नाना आख्यायिका प्रचलित आहेत आणि त्यांतील काहींचा रोख मूल न होण्याकडेही असतो. या आख्यायिका बाजूला ठेवलेल्याच बऱ्या. दीडशे वर्षांपूर्वीच्या दांपत्याचे निदान आज कोणीही करू शकत नाही. एवढे मात्र सांगता येते की, वंध्यत्वाच्या सुमारे निम्म्या प्रकरणांत पुरुषाकडील कारणाचाही वाटा असतो, हे वैद्यकशास्त्राने आता निर्विवादपणे सिद्ध केले आहे. त्या काळी मात्र दोष स्त्रीच्या पदरात टाकून पुरुषाने दुसरा विवाह करणे, हीच सर्वमान्य रीत होती.

उपाय म्हणून उपलब्ध होते ते नवस, अनुष्ठाने, वैद्यांची औषधे आणि तीर्थयात्रा. गंगाधरराव आणि लक्ष्मीबाई यांनीही काशीयात्रा केली. युरोपातील परिस्थिती याहून फारशी पुढारलेली होती, असेही नाही. सस्तन प्राण्यांच्या स्त्रीबीजाचा शोध कार्ल अर्न्स्ट फॉन बेअर या शास्त्रज्ञाने लावला तो १८२७ मध्ये, म्हणजे मनूच्या रूढ जन्मवर्षाच्या अवघे एक वर्ष आधी. शरीराबाहेर फलन घडवून जन्मलेले पहिले मूल जगाने पाहिले ते २५ जुलै १९७८ रोजी इंग्लंडमध्ये. त्याच वर्षी ३ ऑक्टोबरला कोलकात्यात डॉ. सुभाष मुखोपाध्याय यांच्या प्रयत्नांतून भारतातील पहिले असे मूल जन्मले. परंतु त्यांच्या कार्याची तत्कालीन सरकारी समितीने अवहेलना केली आणि १९८१ मध्ये त्यांनी आत्महत्या केली. मुंबईच्या केईएम रुग्णालयात डॉ. इंदिरा हिंदुजा आणि त्यांच्या सहकाऱ्यांना ६ ऑगस्ट १९८६ रोजी मिळालेले यश हे दीर्घकाळ देशातील पहिले मानले जात होते.

आज प्रश्न ज्ञानाचा राहिलेला नसून खर्चाचा आहे. जागतिक आरोग्य संघटनेने २०२३ मध्ये प्रसिद्ध केलेल्या अहवालानुसार जगातील प्रौढांपैकी सुमारे १७.५ टक्के, म्हणजे साधारणपणे सहापैकी एका व्यक्तीला आयुष्यात कधी ना कधी वंध्यत्वाला सामोरे जावे लागते. श्रीमंत आणि गरीब देशांतील हे प्रमाण जवळपास सारखेच आहे. उपचार मात्र सारखे नाहीत. विकसनशील देशांत लोकसंख्या नियंत्रणावर भर असल्याने मूल न होण्याची व्यथा आरोग्यसेवेच्या यादीत दीर्घकाळ शेवटी राहिली. भारतात २०१८ मध्ये आयुष्मान भारत विमा योजना सुरू झाली, तेव्हाही प्रजननविषयक उपचार तिच्या कक्षेबाहेर ठेवण्यात आले होते. दुसरीकडे, बेल्जियममधील तज्ज्ञांनी महागड्या उपकरणांऐवजी साध्या बंद नळ्यांत भ्रूण वाढविण्याची स्वस्त पद्धत गेल्या दशकात यशस्वी करून दाखविली. गोवा वैद्यकीय महाविद्यालयानेही २०२३ मध्ये हे उपचार मोफत देण्यास प्रारंभ केला. झाशीत राणींच्या नावाने १९६८ मध्ये स्थापन झालेले वैद्यकीय महाविद्यालय आहे आणि बुंदेलखंडातील गरीब रुग्णांचा ते मोठा आधार मानले जाते. जमीन, वारसा आणि घरातील सुनेचे स्थान या तिन्ही गोष्टी मुलाशी बांधलेल्या या प्रदेशात, मूल न होण्याचा अर्थ राजवाड्याबाहेरही फारसा वेगळा नव्हता.

१८५१ मध्ये लक्ष्मीबाईंना पुत्र झाला. झाशीत मोठा उत्सव झाला. दामोदरराव असे नामकरण करण्यात आलेले हे बालक अवघ्या काही महिन्यांतच दगावले. बहुतेक चरित्रकार त्याचे आयुष्य तीन ते चार महिन्यांचे सांगतात. अर्भकमृत्यू हा त्या काळी झोपडीत आणि राजवाड्यात सारख्याच सहजतेने प्रवेश करीत असे. या आघातातून गंगाधरराव सावरले नाहीत. त्यांची प्रकृती ढासळत गेली आणि १८५३ च्या नोव्हेंबरमध्ये ते अंथरुणाला खिळले.

त्यानंतरच्या घटना अत्यंत वेगाने घडल्या. २० नोव्हेंबर १८५३ रोजी नेवाळकर घराण्यातील वासुदेवराव यांचा चार-पाच वर्षांचा मुलगा आनंदराव यास शास्त्रोक्त विधीने दत्तक घेण्यात आले. हिंदू धर्मशास्त्रात दत्तक ही केवळ पालनपोषणाची व्यवस्था नाही. जन्मदाता पिता आपल्या पुत्राचे दान करतो, दत्तक पिता त्याचा स्वीकार करतो, होम होतो, आणि त्या क्षणापासून तो मुलगा नव्या घराण्याचा पिंडदानाचा तसाच मालमत्तेचा अधिकारी बनतो. आनंदरावाचे नाव बदलून दामोदरराव ठेवण्यात आले. मृत पुत्राचेच नाव त्याला द्यावे, असे त्या आईवडिलांना का वाटले असेल, याचा वेगळा खुलासा करण्याची गरज नाही.

विधीला ब्रिटिशांचे प्रतिनिधी मेजर एलिस आणि कॅप्टन मार्टिन यांना मुद्दाम पाचारण करण्यात आले. राजांनी त्यांच्या हाती कंपनी सरकारच्या नावे खलिता दिला. आपल्या घराण्याची आजवरची निष्ठा ध्यानात घेऊन या मुलाला वारस मानावे आणि तो सज्ञान होईपर्यंत राज्याचा कारभार राणींकडे असावा, अशी विनंती त्यात होती. त्याच खलित्यात राजांनी आणखी एक गोष्ट नमूद केली होती. आपण बरे झालो, तर आपले वय पाहता अजूनही संतती होण्याची शक्यता आहे आणि तसे झाल्यास दत्तकाविषयी योग्य तो विचार करू, असा त्याचा आशय होता. मृत्युशय्येवरील माणसाची ही आशा सरकारी दप्तरात तशीच जपली गेली आहे. दुसऱ्याच दिवशी, २१ नोव्हेंबर रोजी, गंगाधररावांचे निधन झाले.

गव्हर्नर जनरल लॉर्ड डलहौसी यांनी तोवर औरस वारस नसलेली संस्थाने खालसा करण्याचा सपाटा लावला होता. सातारा १८४८ मध्ये गेले, त्यानंतर संबळपूर आणि जैतपूर. गंगाधररावांच्या निधनानंतर तीन आठवड्यांच्या आत नागपूरचे तिसरे रघूजी भोसले निपुत्रिक वारले आणि त्या राज्याचेही तेच झाले. सातारा, झाशी, नागपूर या मराठी राजघराण्यांची यादी पाहता, महाराष्ट्रात हा विषय केवळ बुंदेलखंडाचा म्हणून कधीच वाचला गेला नाही, यात नवल नाही.

राणींनी या संकटाला प्रथम तोंड दिले ते कागदावर. डिसेंबर १८५३ आणि फेब्रुवारी १८५४ मध्ये त्यांनी पाठविलेले खलिते हे एखाद्या निष्णात वकिलाच्या युक्तिवादाच्या तोडीचे आहेत. १८१७ च्या तहाच्या फारसी मजकुरात वारिसान आणि जानिशीनान असे दोन शब्द होते. पहिल्याचा अर्थ वारस, दुसऱ्याचा गादीवर बसणारे उत्तराधिकारी. केवळ औरस संततीच अभिप्रेत असती, तर दुसरा शब्द घालण्याचे प्रयोजनच उरत नाही, असा राणींचा मुद्दा होता. शेजारच्या दतिया आणि ओरछा या राज्यांत दत्तकास मान्यता मिळाल्याची उदाहरणेही त्यांनी दिली. एलिस यांनी राणींच्या बाजूने अनुकूल मत कळविले होते.

डलहौसी यांच्यापुढे हा युक्तिवाद टिकला नाही. अधिक अचूक सांगायचे तर, तो विचारातच घेतला गेला नाही. झाशीचे राजे हे मूळचे पेशव्यांचे सुभेदार, म्हणजे आश्रित; पेशव्यांचे अधिकार कंपनीकडे आल्यामुळे दत्तक मंजूर करणे वा नाकारणे हा आता कंपनीचा हक्क आहे, आणि १८३५ मध्ये झाशीचा दत्तक नाकारल्याचा दाखलाही आहेच, असे त्यांनी २७ फेब्रुवारी १८५४ च्या टिपणीत मांडले. राणींच्या योग्यतेविषयी त्यांच्या अधिकाऱ्यांना शंका नव्हती. तरीही मार्चमध्ये राज्य खालसा झाल्याचे राणींना कळविण्यात आले. राजस्थानातील करौलीच्या बाबतीत मात्र डलहौसी यांचा असाच प्रस्ताव लंडनच्या संचालकांनी फेटाळला, कारण करौली हे आश्रित नसून संरक्षित मित्रराज्य असल्याचे त्यांचे मत पडले. एकाच शास्त्राने घेतलेला दत्तक एका ठिकाणी वैध आणि दुसऱ्या ठिकाणी अवैध ठरत होता.

राणींना दरमहा ५ हजार रुपयांचे निवृत्तिवेतन आणि राहण्यास शहरातील वाडा देण्यात आला. दामोदररावास राज्य नाकारले गेले, तरी गंगाधररावांच्या खासगी मालमत्तेचा वारस म्हणून तो मान्य होता. म्हणजे तोच मुलगा वडिलांच्या दागिन्यांपुरता पुत्र होता आणि गादीपुरता परका. त्याच्या नावची रक्कम सरकारने तो सज्ञान होईपर्यंत स्वतःकडे ठेवली. पुढे त्याच्या मुंजीसाठी राणींनी त्यातून एक लाख रुपये मागितले, तेव्हा ते परत करण्याची हमी देणारे जामीनदार उभे करण्यास सांगण्यात आले. दिवंगत राजांची कर्जेही राणींच्या वेतनातून वसूल करण्याचा घाट घातला गेला. सल्ल्यासाठी राणींनी १८५४ मध्ये जॉन लँग या वकिलाला झाशीस बोलाविले. पडद्याआड बसलेल्या राणींशी ते बोलत असताना लहानग्या दामोदररावाने पडदा बाजूला सारला आणि त्यांना राणींचे ओझरते दर्शन घडले, असे लँग यांनी आपल्या प्रवासवर्णनात लिहून ठेवले आहे. लंडनच्या संचालक मंडळाकडील दाद मागण्याचाही उपयोग झाला नाही.

यापुढील इतिहास सर्वश्रुत आहे. ५ जून १८५७ रोजी झाशीच्या छावणीत उठाव झाला. ८ जून रोजी जोखनबागेत शरण आलेल्या सुमारे ६० युरोपीयांची, त्यांच्या बायकामुलांसह, कत्तल करण्यात आली. त्यात राणींचा हात नव्हता, असे बहुतेक अभ्यासकांचे मत आहे. ब्रिटिशांनी मात्र ठपका त्यांच्यावर ठेवला. शिपाई दिल्लीकडे निघून गेल्यावर राणींनी कारभार हाती घेतला आणि प्रारंभी कमिशनर अर्स्किन यांनी त्यास संमतीही दिली.

या धामधुमीत राणींवर पहिला हल्ला झाला तो ब्रिटिशांचा नव्हता. नेवाळकर घराण्याच्या पारोळा येथील शाखेतील सदाशिवराव नारायण यांनी करेऱ्याचा किल्ला घेऊन स्वतःस झाशीचा महाराज घोषित केले. औरस वारस नसलेल्या गादीवर आपलाच हक्क आहे, असा त्यांचा दावा होता. राणींच्या फौजेने त्यांचा पराभव करून त्यांना कैद केले. ओरछाचा दिवाण नथे खान याचा हल्लाही परतविण्यात आला. दामोदररावाचा वारसा राणींना असा घरातील, शेजारच्या आणि परदेशी, अशा तिन्ही दावेदारांपासून राखावा लागला.

मार्च १८५८ मध्ये सर ह्यू रोज यांनी झाशीला वेढा घातला. मदतीस आलेल्या तात्या टोपे यांच्या सैन्याचा १ एप्रिल रोजी बेतवा नदीकाठी पराभव झाला आणि ३ एप्रिलला ब्रिटिश फौजा शहरात घुसल्या. पेण तालुक्यातील वरसई गावचे विष्णुभट गोडसे हे भिक्षुक त्या वेळी झाशीत होते. त्यांच्या माझा प्रवास या पुस्तकातील जाळपोळीचे, लुटीचे आणि गंगाधररावांच्या ग्रंथसंग्रहाच्या नाशाचे वर्णन मराठी वाचकांच्या परिचयाचे आहे. ४ एप्रिलच्या रात्री राणी दामोदररावास घेऊन किल्ल्याबाहेर पडल्या. त्याला पाठीशी बांधून, अशी परंपरा सांगते. तेव्हा तो आठ-नऊ वर्षांचा होता. पुतळ्यांतील मूल त्या मानाने बरेच लहान दिसते. राणींचे वडील मोरोपंत पकडले गेले आणि त्यांना फाशी देण्यात आली. पुढे कोंच, काल्पी आणि ग्वाल्हेर असा प्रवास करीत, ग्वाल्हेरजवळ कोटा की सराई येथील रणांगणावर राणींना वीरमरण आले. ब्रिटिश नोंदींनुसार ती तारीख १७ जून १८५८ होती. भारतात १८ जून हा दिवस पाळला जातो.

राणींच्या मृत्यूनंतर काही विश्वासू सेवकांनी दामोदररावास घेऊन दोन वर्षे मध्य भारताच्या जंगलांत आसरा घेतला. अखेर १८६० मध्ये झालरापाटण येथे तो ब्रिटिशांच्या स्वाधीन झाला आणि त्याला अल्प निवृत्तिवेतनावर इंदूर येथे ठेवण्यात आले.

दरम्यान, १ नोव्हेंबर १८५८ च्या राणी व्हिक्टोरियाच्या जाहीरनाम्याने कंपनीचे राज्य संपुष्टात आले आणि उरलेल्या संस्थानिकांना अभय मिळाले. त्यानंतरच्या काही वर्षांत लॉर्ड कॅनिंग यांनी संस्थानिकांना दत्तक घेण्याच्या अधिकाराच्या सनदा बहाल केल्या. राणींनी आपल्या खलित्यांतून जे मागितले होते, तेच आता सरसकट दिले जात होते. झाशी मात्र त्यात नव्हती. पूर्वी घेतलेली राज्ये परत करण्याचा प्रश्नच उपस्थित झाला नाही.

सामान्य हिंदू कुटुंबांसाठी हा विषय १९५६ च्या हिंदू दत्तक व निर्वाह कायद्याने निकालात काढला. दत्तक अपत्यास जन्मजात अपत्याचे सर्व अधिकार मिळाले आणि विधवा स्त्रीला स्वतःच्या अधिकारात दत्तक घेता येऊ लागले. मुलीलाही दत्तक घेण्याची तरतूद त्याच कायद्याने झाली. विवाहित स्त्रीला मात्र पतीच्या संमतीने स्वतः दत्तक घेण्याचा अधिकार मिळण्यास २०१० सालची दुरुस्ती व्हावी लागली.

झाशीचे शहर आणि किल्ला ब्रिटिशांनी १८६१ मध्ये ग्वाल्हेरच्या शिंद्यांना दिला आणि १८८६ मध्ये ग्वाल्हेरच्या किल्ल्याच्या बदल्यात पुन्हा आपल्याकडे घेतला. दत्तात्रय बळवंत पारसनीस यांनी १८९४ मध्ये राणींचे मराठी चरित्र प्रसिद्ध केले, त्या वेळी दामोदरराव इंदूरमध्येच राहत होते. विवाह होऊन त्यांना पुत्रही झाला. गमावलेल्या राज्याबद्दल आणि सरकारजमा झालेल्या रकमेबद्दल त्यांनी केलेल्या विनंत्यांना यश आले नाही. २८ मे १९०६ रोजी इंदूर येथे त्यांचे निधन झाले. त्यांचे कुटुंब त्या शहरात पुढे अनेक वर्षे झाशीवाले या नावाने ओळखले जात होते.